स्वयंचलित गमरेबाई

बेलापूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये दोन गोष्टी सतत चालू असत : पंखा आणि विमलबाई गमरे. पैकी पंखा अधूनमधून बंद पडे.

एक्स्चेंज हे नाव मोठं, घर लहान. पुढच्या खोलीत बिलं भरायची खिडकी, मागच्या खोलीत एक उभा लाकडी बोर्ड. बोर्डावर भोकांच्या ओळी, प्रत्येक भोकाशी एक इवलासा दिवा, आणि पुढ्यात पितळी पिनांच्या दोऱ्या. गावात कुणी फोन उचलला की इथे त्याचा दिवा लागायचा. गमरेबाई एक पिन त्या भोकात खुपसत, "नंबर?" विचारत, आणि दुसरी पिन हव्या त्या भोकात खुपसून दोघांची गाठ घालून देत. दिवा लागूनही बाईंचं लक्ष नसेल, म्हणजे चहा आला असेल, तर फोनवाला रिसीव्हर ठेवायची दांडी बोटाने टकटक दाबी. दिवा उघडझाप करू लागला की बाई कप खाली ठेवत. टकटकीवरून माणूस ओळखता येतो असं त्यांचं मत होतं. सिडकोचे अधिकारी दोनदाच टकटक करत; भाताच्या गिरणीचे मालक भात कांडल्यासारखे दांडी कांडत.

बाई मूळच्या खेडच्या. यजमान भगवान गमरे तळोज्याला कारखान्यात फिटर. मुलगी सुनीती मॅट्रिकच्या वर्षाला. राहायला खात्याचा क्वार्टर, दोन खोल्यांचा, पण नळाला पाणी असलेला. नव्या मुंबईत त्या काळी पाणी असलेला नळ दाखवायला लोक पाहुण्यांना घेऊन येत.

अशी सगळी घडी बसलेली असताना पंच्याऐंशी साल उजाडलं आणि दिल्लीत टपाल आणि टेलिफोन यांची खाती वेगळी झाली. इतकी वर्षं एका छपराखाली संसार केलेला. बेलापुरात वाटणी झाली तेव्हा लाल पेटी टपालाकडे गेली, काळे फोन टेलिफोनकडे आले, आणि एक स्टूल राहिलं. स्टूल कुणाचं यावर पत्रव्यवहार सुरू झाला. तो संपायच्या आत परदेशातून मोठमोठी खोकी आली आणि त्यांतून इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंज निघालं.

ते करड्या रंगाचं कपाट होतं. त्याला थंड हवा लागे, म्हणून पुढच्या खोलीत त्याच्यासाठी एअरकंडिशनर बसला. ते चालू झालं की माणसाने फोनच्या तबकडीवर नुसते आकडे फिरवायचे, मधे कुणी बाई नाही, दोरी नाही, "नंबर?" नाही. पुण्याला फोन करायचा तर पुण्याचा आकडा फिरवायचा की पुणं हजर. साहेब लोक याला 'स्वयंचलित' म्हणत आणि म्हणताना छाती काढत. बाकीच्या दोघी ऑपरेटर 'जास्तीच्या' ठरून आधीच मार्गी लागल्या होत्या. नंदिनी गोंदियाला, दुसरी परभणीला. खातं जास्तीच्या माणसाला जिथे गरज असेल तिथे पाठवतं. गरज बहुधा जिथे साहेब स्वतः जायला तयार नसतात तिथेच असते. उद्घाटन झालं की गमरेबाईंचीही ऑर्डर निघणार हे शिपायापासून सगळ्यांना ठाऊक होतं.

"गोंदियाला पाणी गोड असतं म्हणे," भगवान म्हणाला.

"मग तुम्ही जा," बाई म्हणाल्या. तो विषय तिथे संपला, पण काळजी संपली नाही.

एक्स्चेंजचे प्रमुख जयप्रकाश देवस्थळी साहेब सज्जन गृहस्थ होते. त्यांची श्रद्धा देवावर होती आणि वरच्या साहेबांवर होती, आणि दोघांनाही ते वेळच्या वेळी कळवत असत. उद्घाटनाला मंत्री येणार, टेबलावरच्या फोनवरून स्वतः पुणं फिरवणार आणि पुण्याला बसलेल्या मोठ्या साहेबांशी बोलणार असं ठरलं. आदल्या दिवशी देवस्थळींनी रंगीत तालीम घेतली. रिसीव्हर उचलला, सवयीप्रमाणे दांडी टकटकवली, आकडे फिरवले. पुणं आलं नाही. पुन्हा टकटक, पुन्हा आकडे. टूं टूं टूं. मग सहायकाने करून पाहिलं, मग लाइनमनने. एकदा पुण्याऐवजी बेलापुरातलीच लाकडाची वखार लागली. वखारवाल्याने भाव सांगून टाकला.

दिवस कलताना देवस्थळी मागच्या खोलीत आले. चेहरा घाटात गाडी बंद पडल्यासारखा.

"बाई, बसा, बसा," ते म्हणाले. बाई बसलेल्याच होत्या. "एक नाजूक काम आहे. मंत्र्यांच्या टेबलावरच्या फोनची एक शेपटी मी गुपचूप तुमच्या बोर्डाला जोडतोय. ते आकडे फिरवतील. फिरवून झाले की तुम्ही पिन खुपसायची आणि पुणं जोडून द्यायचं. पुण्याची लाइन आधीच धरून ठेवा."

"म्हणजे स्वयंचलित मी?"

"हळू बोला हो!"

"आणि मशीन?"

"मशीनचं बघू नंतर. उद्या नाही लागला तर आधी मी जाईन आणि माझ्यामागून तुम्ही."

"मी तर जाणारच आहे, साहेब. लागला तर लगेच जाणार."

देवस्थळी "कर्तव्य" असं काहीतरी पुटपुटले आणि गेले.

दुसऱ्या दिवशी बाहेर मांडव, सनई, भाषणं. आत बाई कानाला हेडफोन लावून, पिन हातात धरून. त्यांच्या मनात जे चाललं होतं ते त्यांनी पुढे कुणाला सांगितलं नाही, पण ते साधं होतं : नाही खुपसली तर? यंत्र सगळ्या पंचक्रोशीसमोर आडवं होईल, चौकशी बसेल, आणि चौकशी संपेपर्यंत बोर्ड राहील. बोर्ड राहील तोवर बाई राहतील. सरकारी चौकशीत एक मुलगी मॅट्रिक होऊन वर बी.ए. होऊ शकते.

मंत्री फोनपाशी आले. "हे फिरवायचं कसं?" त्यांनी विचारलं. विनोद नव्हता. आयुष्यात त्यांनी कधी फोन स्वतः लावलेला नव्हता. ते काम पी.ए.चं. देवस्थळींनी दाखवलं. मंत्र्यांनी रिसीव्हर उचलला आणि जात्याचा खुंटा फिरवावा तसा एकेक आकडा सावकाश फिरवला. बाईंना हेडफोनमध्ये प्रत्येक आकडा ऐकू येत होता. शेवटचा आकडा झाला. दिवा जळत होता. बाईंचा हात हवेत होता, आणि तिथेच राहिला.

खट्.

पुण्याला घंटी वाजली आणि मोठे साहेब म्हणाले, "हॅलो, सर, अभिनंदन, सर!"

बाहेर टाळ्यांचा कडकडाट झाला. बाईंनी हातातल्या पिनेकडे पाहिलं. ती कुठेही खुपसलेली नव्हती.

मांडव रिकामा होताच देवस्थळी पेढ्यांचा बॉक्स घेऊन आत आले आणि त्यांनी दार लावून घेतलं. "बाई, लाज राखलीत! काय सफाई! मला कळलंसुद्धा नाही कधी जोडलात."

"साहेब, मी..."

"काही बोलू नका," म्हणत साहेबांनी त्यांच्या हातावर दोन पेढे ठेवले, आणि भर म्हणून एक सरळ त्यांच्या तोंडात दिला. "तुमची बदली रोखलीय मी. वर कळवलंय, विशेष तांत्रिक कामासाठी आवश्यक. बोर्ड इथेच राहील, तुम्ही इथेच राहाल. फक्त दार बंद."

तोंडात पेढा असताना खरं बोलणं कठीण असतं. पेढा गिळून होईपर्यंत साहेब निघून गेले होते आणि खरं बोलायची वेळही.

त्या दिवसापासून मागच्या खोलीच्या दारावर पाटी लागली : 'धोका. प्रवेश बंद.' बाहेरगावचा फोन स्वतः फिरवायची सोय ज्यांना मिळाली होती त्या प्रत्येकाची एकेक शेपटी बाईंच्या बोर्डावर आली. नागपूरहून, औरंगाबादहून साहेब लोक बेलापूरचं यंत्र बघायला येत. देवस्थळी त्यांना करडं कपाट दाखवत, आणि भिंतीपलीकडून बाईंचा आवाज ऐकू येऊ नये म्हणून मोठ्याने खोकत.

आत बसून बाईंनी एक गोष्ट पाहिली. काहींचा फोन आपसूक लागत होता, खट् आवाज होऊन. काहींचा लागत नव्हता. त्यांची टूं टूं सुरू व्हायच्या आत बाई पिन खुपसून काम भागवत. गिरणीवाल्यांचा तर एकदाही आपसूक लागला नाही. सेक्टरात नव्याने राहायला आलेल्या, जन्मात पहिला फोन घेतलेल्या कुलकर्ण्यांचा नेहमी लागे. असं का, हे बाईंना कळत नव्हतं, आणि कळून घ्यायची त्यांना घाईही नव्हती. देवस्थळींची पक्की समजूत होती की सगळं हाताने चाललंय. बाईंनी ती समजूत मोडली नाही. साहेबांचं मन मोडू नये, असं त्या स्वतःला सांगत.

पुढच्या वर्षी मुंबईपुरतं खात्याचं निगम झालं. पाटी नवी, लेटरहेड नवं, आणि 'अर्जदार' होता तो रातोरात 'ग्राहक' झाला. वरून हुकूम आला : फोन वाढवा, गावोगावी सार्वजनिक फोन द्या. देवस्थळी घामाघूम झाले. यंत्राला हजार फोन झेपत असतील. गमरेबाईंना हात दोनच. म्हणून जो जो नवा अर्ज येई त्यावर ते 'तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही' असा शेरा मारत. या शेऱ्याची खुबी अशी की तो वाचून माणसाला वाटतं चूक विज्ञानाची आहे.

असाच शेरा दिवाळ्याच्या अर्जावर पडला. दिवाळे म्हणजे खाडीकाठचा कोळीवाडा, हाकेच्या अंतरावर. तिथली बयाबाई कोळीण डोक्यावर पाटी घेऊन क्वार्टरमध्ये मासळी विकायला येई. गमरेबाईंशी तिचं खास, कारण दोघीही भाव करताना आवाज चढवत आणि दोघींनाही त्याचा राग येत नसे. बयाबाईचा मुलगा किसन रत्नागिरीला मिरकरवाड्याच्या बंदरात ट्रॉलरवर होता.

"बाई गो, तुज्या साहेबानं आमचा अर्ज परत धाडला," बयाबाई पाटी उतरवत म्हणाली. "लिवलंय, शक्य नाय. काय शक्य नाय? ह्या सेक्टरात येतंय वायर, मंग आमच्या गावात यायला काय ती लाजतंय?"

"तांत्रिक असतं ते," गमरेबाई म्हणाल्या, आणि बोंबलाचे डोळे बघू लागल्या.

"माजा पोर दर्यात हाय. वारा सुटला का मना झोप नाय. कुनाला इचारू? दर्याला?"

गमरेबाईंनी त्या दिवशी भाव केला नाही. बयाबाईला शंका आली की बाई आजारी आहे.

नोव्हेंबरात रेडिओवर बातमी आली : कोकण किनाऱ्यावर वादळ, होड्यांनी माघारी यावं. त्या दिवशी बोर्डावर दिवाळी झाली. ज्यांचं कोकणात कुणीही होतं ते सगळे फोन उचलून बसले. बाईंच्या दोन्ही हातांत दोऱ्या, गळ्यात दोऱ्या. अशात 'धोका. प्रवेश बंद' ढकलून बयाबाई आत आली. तिला पाटी वाचता येत नव्हती, आणि वाचता आली असती तरी ती आत आलीच असती.

"बाई, रत्नागिरी लाव. बरफाच्या कारखान्याचा नंबर हाय माज्याकडं. पोर तिथंच असतंय बंदराला लागला का."

"बयाबाई, बोर्डाच्या रत्नागिरी लाइनला संध्याकाळपर्यंत नंबर आहेत. बघ, हात आहेत का मला?"

बयाबाईने पदर तोंडाला लावला आणि भिंतीला टेकून खाली बसली. एवढ्या वर्षांत बयाबाई गप्प बसलेली गमरेबाईंनी पाहिली नव्हती.

कोपऱ्यात तपासणीचा एक फोन होता, करड्या कपाटाला जोडलेला. बाईंनी हनुवटीने तिकडे दाखवलं. "तो उचल. आकडे कळतात ना तुला?"

"बशीचा नंबर कलतंय तर ह्यो नाय कलनार? पन मी कंदी हात नाय लावला."

"मी सांगते तसं फिरव. लागला तर लागला."

बयाबाईने ओलं बोट पदराला पुसलं, रिसीव्हर भाकरी धरावी तसा दोन्ही हातांनी उचलून खांद्याशी दाबला आणि बाई सांगतील तो आकडा फिरवला. एकेक. मंत्र्यांसारखाच सावकाश. बाई आकडे सांगत होत्या, आणि हात दुसऱ्याच भोकांतून फिरत होते.

खट्.

"किसन हाय का रं तिथं?" बयाबाई अशी ओरडली की रत्नागिरीला ते फोनशिवायही ऐकू गेलं असावं. "कोन? अरं तूच का! कवा लागली बोट? जेवलास का? मेल्या, कलवायचं नाय?"

याच क्षणी दार उघडून देवस्थळी आत आले. वरून बाहेरगावची ट्रंक लाइन तुंबल्याची बोंब झाली होती. त्यांनी कोळणीकडे पाहिलं, तिच्या हातातल्या फोनकडे पाहिलं, मग बोर्डाकडे. बाईंचा एक हात पनवेलमध्ये होता, दुसरा उरणात. रत्नागिरीचं भोक रिकामं होतं.

"बाई, रत्नागिरी कुणी जोडली?"

बाईंनी उरणची पिन आणखी घट्ट खुपसली.

"एखादी दोरी सुटली असेल तुमच्या हातून," साहेब आशेने म्हणाले. "लावून लगेच काढली असेल. नाही का?"

'हो' म्हटलं असतं तर सगळं होतं तसं राहिलं असतं : नळ, क्वार्टर, पाटी. बयाबाई रिसीव्हर कानाला लावून हसत होती आणि तोंड पदराने पुसत होती. गमरेबाईंनी पनवेल सोडलं, उरण सोडलं आणि हेडफोन काढून खुंटीला लावला.

"मी नाही जोडली, साहेब. आपसूक लागली. मंत्र्यांचाही मी नव्हता जोडला."

देवस्थळी मटकन स्टुलावर बसले. हेच ते वादातलं स्टूल. "म्हणजे मशीन चालतं?" माणूस 'म्हणजे घराला आग लागलीय?' असं विचारतो त्या सुरात ते म्हणाले.

"कुणाकुणाचं चालतं. कुणाकुणाचं नाही. का ते मला ठाऊक नाही."

देवस्थळींचा चेहरा बघण्यासारखा झाला. यंत्र उत्तम चालत असल्याचा अहवाल ते दर महिन्याला वर पाठवत होते. वर्षभर आपण खोटं बोलतोय अशा समजुतीत हा गृहस्थ खरं बोलत होता, आणि या गुन्ह्याला शिक्षा काय ते नियमावलीत कुठेच नव्हतं.

"तुम्ही हे तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"तुम्ही पेढा दिलात. आणि मग बदली रोखलीत. मला इथे राहायचं होतं, साहेब. म्हणून नाही सांगितलं. पण माझ्या दोन हातांपायी दिवाळ्याचा फोन अडलाय. ते बरोबर नाही."

साहेब उठले. बयाबाईच्या हातून रिसीव्हर घेतला, किसनला "एक मिनिट हं" असं म्हणून फोन ठेवला, पुन्हा उचलला, टकटक केलं आणि पुणं फिरवलं. टूं टूं टूं. पुन्हा टकटक, पुन्हा पुणं. यावेळी वखार लागली.

"माझा का लागत नाही?" ते किंचाळले.

"साहेब," बयाबाई म्हणाली, "बोलनं तोडलंत तर तोडलंत, पन त्या दांडीला कशाला मारताव? तिनं काय केलंय?"

देवस्थळींचं बोट दांडीवर तसंच थबकलं. ते बोटाकडे बघत राहिले. मग ओठांतल्या ओठांत काहीतरी मोजू लागले. मग एकदम म्हणाले, "एक टक म्हणजे एक आकडा!"

"काय?" गमरेबाईंनी विचारलं.

"अहो, तबकडी फिरते तेव्हा ती आत हेच करते, लाइन तोडते-जोडते. आपण दांडी टकटकवली की मशीनला वाटतं आपण 'एक' फिरवला! दोनदा टकटक, दोन वेळा एक. पुढे पुणं फिरवलं काय नि काशी फिरवली काय, आकडा आधीच चुकलेला!" साहेब खोलीत गोल फिरू लागले. "मंत्र्यांनी कधी फोन लावलेला नव्हता! हिने कधी लावलेला नव्हता! ज्यांना काही येत नाही त्यांचाच लागतो! आणि आपण अख्खं खातं, पिढ्यान्पिढ्या टकटक करणारे..."

त्यांनी रिसीव्हर उचलला. बोट दांडीकडे निघालं. हात पाठीमागे घेऊन त्यांनी ते बोट पँटच्या पट्ट्यात अडकवलं. दुसऱ्या हाताने पुणं फिरवलं.

खट्. "हॅलो?" पुणं म्हणालं.

"काही नाही," देवस्थळी गहिवरून म्हणाले, "सहज केला होता."

त्यानंतर बेलापुरात सगळ्या फोनवाल्यांना परिपत्रक गेलं : 'दांडी टकटकवू नये.' गिरणीवाल्यांनी ते आपला अपमान समजून महिनाभर फोनच वापरला नाही. एकेक शेपटी कापली गेली. लाकडी बोर्ड उतरवून भंगारात गेला. तो नेताना बाई चहा प्यायला बाहेर गेल्या आणि बराच वेळ आल्या नाहीत. दिवाळ्याचा अर्ज मंजूर झाला. खांब कुणाच्या दारात रोवायचा यावरून गावात दोन तट पडले, म्हणून तो शेवटी बयाबाईच्या दारात रोवला, कारण तिच्याशी भांडायला कुठलाच तट तयार नव्हता. फोनही तिच्याच ओटीवर बसला.

आणि बाईंची ऑर्डर निघाली. गोंदियाची नव्हती. देवस्थळींनी वर लिहिलं होतं की या कर्मचाऱ्याने वर्षभर यंत्राचं जवळून निरीक्षण केलं आहे. वाक्य शब्दशः खरं होतं. बाईंनी दुसरं काही केलंच नव्हतं. जबलपूरच्या प्रशिक्षण केंद्रात जायचं, इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंज शिकायचं, परीक्षा पास झाल्या तर बेलापुरातच टेक्निशियन. नापास झाल्या तर मात्र गोंदिया उभंच होतं.

"या वयात परीक्षा?" बाई भगवानला म्हणाल्या.

"सुनीतीची पण अकरावीची परीक्षाच आहे. दोघी एकाच वेळी रडा. मला स्वयंपाक येतो," भगवान म्हणाला. त्याला येत नव्हता, पण बाई गेल्या.

जबलपूरच्या वर्गात त्यांच्या शेजारी बिहारचा एक पोरगेला इंजिनीअर बसे. तो इंग्रजी भराभर लिहून घेई; बाई निम्मं लिहीत आणि निम्म्यावर प्रश्न विचारत. पहिल्या चाचणीत त्या काठावर पास झाल्या. दुसरीत काठापासून थोड्या आत सरकल्या. त्या संध्याकाळी केंद्राबाहेरच्या टपरीवजा बूथमध्ये जाऊन त्यांनी रिसीव्हर उचलला आणि दिवाळ्याचा आकडा फिरवला.

"कोन?" पलीकडून आरोळी आली.

"मी गमरे. पास झाले."

"बाई गो! थांब, थांब, ठेवू नको! हितं काय जालंय म्हायतीय का तुला..." आणि बयाबाईने सुरुवात केली. किसनचं लग्न ठरलं, शेजारच्या धर्मराजच्या होडीला नवं इंजिन आलं, ओटीवर फोनसाठी दिवसभर रांग असते, गाव सगळं चहा तिच्याकडेच पितं, देवस्थळी साहेब पापलेट न्यायला येतात आणि येताजाता फोन उचलून लागतोय का ते बघून जातात.

बूथचा मीटर टिकटिक पुढे पळत होता. मागे उभा असलेला बिहारी पोरगा घड्याळ दाखवत होता. गमरेबाईंनी त्याला हातानेच थांब म्हणून खुणावलं, रिसीव्हर या कानाचा त्या कानाला घेतला आणि म्हणाल्या, "बरं, मग पुढे काय झालं?"